उंबऱ्यावरची अमानत

गेल्या रमजानमधली गोष्ट. अम्मींना दोन वर्षांपासून कमी ऐकू येते. तरावीहची किरात कानापर्यंत पोहोचत नाही, ही त्यांची एकच तक्रार. म्हणून आम्ही कानाचे एक मशीन ऑनलाइन मागवले. किंमत ४,७०० रुपये. पैसे आधीच भरले होते. ज्या दिवशी पार्सल यायचे होते, नेमके त्याच दिवशी एका नातेवाइकाला पाहायला आम्ही सगळे मलकापूरहून खामगावच्या दवाखान्यात गेलो. दुपारी फोन आला.

"चाचा, पार्सल आहे. घराला कुलूप दिसतंय."

"अरे बेटा, आम्ही बाहेरगावी आहोत. असं कर, ओट्यावर निळा ड्रम आहे ना पाण्याचा, त्याच्या मागे ठेवून दे. संध्याकाळी येतोच आम्ही."

"ठेवू? नक्की?"

"हो हो, ठेव. आपलीच गल्ली आहे."

पोराने ठेवले. फोटोही पाठवला. निळा ड्रम, त्यामागे तपकिरी खोका. मोबाईलवर ‘डिलिव्हर्ड’ असा संदेश आला. इफ्तारच्या थोडे आधी आम्ही घरी पोहोचलो तेव्हा ड्रम होता, खोका नव्हता. दुसऱ्या दिवशी फजरनंतर मुलांना मागच्या नालीजवळ फाडलेले पाकीट सापडले. त्यावर आमचेच नाव, आमचाच पत्ता.

असे आपल्यापैकी अनेकांच्या घरी झाले असेल, किंवा पुढे होईल. मोठ्या शहरात इमारतीला वॉचमन असतो. आपल्या जिल्ह्यात मलकापूर असो, चिखली असो की मेहकर, जुन्या मोहल्ल्यात घराला नंबर नाही. पत्ता काय तर ‘मशिदीच्या मागे, नळाजवळ’. एका गल्लीत चार घरांवर शेख आणि तीन घरांवर खान. पत्रपेटी असलीच तर त्यात वीजबिल मावते, खोका मावत नाही. त्यामुळे पार्सल येते ते ओट्यावर, किराणा दुकानात, समोरच्या घरी किंवा कंपाउंडच्या आत फेकलेले. पूर्वी मनीऑर्डर यायची तेव्हा पोस्टमन काका ज्याचे पैसे त्याच्याच हातात द्यायचे. सही घ्यायचे, सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठ्याला साक्षीदार. आमच्या दादी पदराने बोट पुसत पुसत आत जायच्या ते आजही आठवते. व्ही.पी.ने पुस्तक आले तरी आधी पैसे मोजून द्यायचे, मग पुडके हातात. हातातून हातात हा त्या काळचा रिवाज होता. आता खोका कुणाच्याही हातात न देता ‘पोहोचले’ म्हणता येते, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

आमच्या घरी त्या रात्री काय झाले ते सांगितलेच पाहिजे, कारण चोरीपेक्षा त्याचीच शरम आम्हाला जास्त वाटते.

समोरच्या घरात सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा आहे. मोबाईल दुरुस्ती शिकतो. दुपारभर ओट्यावर बसलेला असतो, आमच्याही ओट्यावर येऊन बसायचा. धाकटा भाऊ म्हणाला, "दुसरं कोण असणार? मशीनचं त्यालाच कळतं." आम्ही त्याला गप्प केले नाही. खरे तर आमच्याही मनात तेच आले होते. अम्मींना अर्धेच ऐकू आले असावे, पण त्यांनी विचारले, "पाहिलं का कुणी?" कुणी पाहिले नव्हते. तरीही दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर भावाच्या तोंडून एक वाक्य निघालेच. गल्ली केवढी ती! असरपर्यंत ते वाक्य समोरच्या घरी पोहोचले.

त्या घरून रमजानमध्ये रोज आमच्याकडे इफ्तारीचे ताट यायचे. आमच्याकडून त्यांच्याकडे जायचे. वीस-बावीस वर्षांचा रिवाज. त्या संध्याकाळी ताट आले नाही.

दोन दिवसांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विनंती केली तेव्हा त्याने कॅमेरा दाखवला. दुपारी सव्वातीनच्या सुमारास तोंडाला दुपट्टा बांधलेला एक माणूस मोटारसायकल थांबवतो, ओट्यावर जातो, खोका पिशवीत टाकतो आणि निघून जातो. दोन मिनिटेही लागली नाहीत. गाडीचा नंबर दिसत नव्हता. एवढे मात्र स्पष्ट होते की तो थोराड अंगाचा माणूस होता, समोरचा मुलगा नव्हता.

सूरह हुजुरातमध्ये गुमानापासून दूर राहण्याची ताकीद आहे, ती आम्ही जुम्याच्या बयानात कितीदा ऐकली आहे. ४,७०० रुपयांच्या खोक्यासाठी आम्ही ती विसरलो. आम्ही आणि भाऊ त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. मुलाची आई एवढेच म्हणाली, "भाईजान, आधी विचारलं असतं तर आम्हीही शोधायला निघालो असतो." ताट पुन्हा येऊ लागले. मुलगा मात्र आमच्या ओट्यावर अजून बसत नाही.

आता दुसरा भाग, पैशांचा. इथेही एक पेच होता, आणि तो सोपा नव्हता.

कंपनीच्या ॲपवर ‘डिलिव्हर्ड दाखवते पण मिळाले नाही’ अशी तक्रार करायची सोय असते. आम्ही ती उघडली. पुढे प्रश्न आला की पार्सल घराबाहेर ठेवायला तुम्ही सांगितले होते का. भाऊ म्हणाला, "नाही लिहा. लगेच पैसे परत येतात. कंपनीला काय फरक पडतो?" कंपनीला पडत नसेल. पण त्या पोराला पडतो. पार्सलमागे मोजकी रक्कम मिळवणारा, भर उन्हात रोजा ठेवून फिरणारा तो मुलगा. हरवलेल्या मालाची भरपाई अनेकदा अशा मुलांच्याच कमाईतून कापली जाते. त्याने दोनदा विचारले होते, ‘ठेवू? नक्की?’ आणि आम्हीच हो म्हटले होते. आम्ही जे घडले ते लिहिले. आठ दिवसांनी उत्तर आले की तुमच्या सांगण्याप्रमाणे माल ठेवला आहे, रक्कम परत करता येणार नाही. भाऊ अजूनही आम्हाला त्यावरून टोमणे मारतो.

मनात आले की शरीयतचा हिशेब काय म्हणतो ते पाहावे. एका आलिम साहेबांना विचारले. ते म्हणाले, व्यवहारात ‘कब्जा’ ही मोठी गोष्ट आहे. हनफी फिकहप्रमाणे खरेदीदाराच्या ताब्यात येण्याआधी माल नष्ट झाला तर नुकसान विकणाऱ्याचे. ताब्यात आल्यानंतर गेला तर खरेदीदाराचे. आणि आपण ज्याला आपल्या वतीने घ्यायला सांगितले, तो आपला वकील, त्याचा कब्जा तो आपलाच कब्जा. ‘दुकानात देऊन टाक’, ‘ड्रममागे ठेव’ असे आपण म्हणतो तेव्हा जागा आपण निवडलेली असते, मग दोष विकणाऱ्यावर कसा टाकणार? आपल्या प्रसंगात बारीकसारीक फरक असतील, तर आपापल्या गावच्या आलिमांना जरूर विचारा. आमच्या बाबतीत उत्तर साफ होते.

म्हणजे फोनवरचे ते एक वाक्य ४,७०० रुपयांचे होते. घाईत, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत आपण ते सहज बोलून जातो. ‘आज नको, उद्या आण’ म्हणायलाही तेवढाच वेळ लागतो.

पण याचा अर्थ असा मुळीच नाही की ‘डिलिव्हर्ड’ दिसले म्हणजे प्रत्येकाने गप्प बसावे. नांदुऱ्याच्या एका भगिनीने आम्हाला कळवलेला प्रकार अगदी उलटा आहे. त्या दिवसभर घरीच होत्या. फोन आला नाही, दारावर कुणी आले नाही, आणि संध्याकाळी संदेश की माल पोहोचला. पुरावा म्हणून आलेल्या फोटोत दार हिरवे, यांच्या घराचे दार लोखंडी. त्यांनी कुणाला परवानगी दिली नव्हती, त्यांच्या ताब्यात काही आले नव्हते. इथे हक्क पूर्णपणे त्यांचा होता आणि त्यांनी तो सोडला नाही, हे फार बरे केले. आपल्या घरांमध्ये, विशेषतः बायकांमध्ये, ‘जाऊ द्या, नशिबात नव्हते’ म्हणून सोडून द्यायची सवय आहे. सब्र वेगळा आणि हक्क बुडू देणे वेगळे.

त्यांनी काय केले ते नीट सांगतो, कारण तेच कुणाच्याही कामी येईल. प्रथम संदेशाचा, फोटोचा आणि ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. ॲपवरची माहिती बदलते, म्हणून हे आधी. मग दोन्ही बाजूंच्या घरी, वरच्या मजल्यावर आणि जवळच्या दुकानात विचारले, आणि तेही ‘आमचं पार्सल चुकून तुमच्याकडे आलंय का?’ अशा शब्दांत. ‘तुम्ही घेतलंय का?’ असे नाही. या दोन प्रश्नांतला फरक आम्ही महाग किमतीत शिकलो आहोत. त्यानंतर त्याच दिवशी ॲपवर लेखी तक्रार केली आणि तक्रार क्रमांक घेतला. उशीर केला की कंपन्या मुदत संपली म्हणतात. तक्रारीत त्यांनी थेट विचारले की माल कुणाच्या हातात दिला, ओटीपी कुणी सांगितला, सही कुणाची आहे, फोटो कोणत्या जागेचा आहे. पोहोचल्याचा पुरावा कंपनीने द्यावा, ही मागणी अगदी रास्त आहे.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा आणि ई-कॉमर्सचे नियम जुलै २०२०चे. त्या नियमांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचे नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तक्रारीचे निवारण एका महिन्यात, असा नियम आहे. साध्या चॅटवर ‘क्षमस्व, आम्ही मदत करू शकत नाही’ असे उत्तर आले की बहुतेक लोक तिथेच थांबतात. थांबू नका. त्या अधिकाऱ्याला ईमेल करा. मराठीत केला तरी चालेल, पण ऑर्डर क्रमांक, तारीख आणि रक्कम अचूक लिहा.

तेवढ्यानेही झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मराठीत बोलता येते. ही हेल्पलाइन तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते आणि उत्तर मागते. तो काही न्यायालयाचा हुकूम नसतो, पण नांदुऱ्याच्या भगिनीचे पैसे याच टप्प्यावर परत आले. त्यांच्या शब्दांत, "दोन आठवडे ज्यांना आमचं ऐकू येत नव्हतं, त्यांनी स्वतः फोन केला."

आणि तिथेही दाद लागली नाही तर बुलढाण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असो की दिल्लीला, तक्रार करणारा जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, ही २०१९च्या कायद्याने दिलेली मोठी सोय आहे. आपण दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आता ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही ती दाखल करता येते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना हे काम सांगा. रात्रभर रील पाहणाऱ्या बोटांना एक अर्ज भरणे जड नाही.

पोलिसांत जायचे की नाही, हा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला. आमच्यासारखी उघड चोरी असेल, कॅमेऱ्यात माणूस दिसत असेल, तर जरूर जावे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४पासून लागू आहे, तिच्या कलम ३०३मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा माल असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा सांगितली जाते. आम्ही लेखी तक्रार दिली, खोक्यावरचा मशीनचा क्रमांक बिलावर होता तोही दिला. मशीन अजून मिळालेले नाही. पण क्रमांक नोंदलेला आहे, उद्या कुठे सापडले तर ते आमचे म्हणून ओळखता येईल. तक्रारीत कुणाचे नाव मात्र पुराव्याशिवाय लिहू नका. तिथे लिहिलेले नाव टपरीवरच्या वाक्यासारखे माफीने पुसले जात नाही.

एक धोका याच काळात वाढतो, तोही लक्षात असू द्या. पार्सल हरवले की माणूस घाबरतो आणि इंटरनेटवर कंपनीचा फोन नंबर शोधतो. तिथे भामट्यांनी टाकलेले खोटे नंबर असतात. ‘पैसे परत करतो, एक लिंक पाठवली आहे, फक्त पिन टाका’ असे ते सांगतात. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे जायला. पोस्टाच्या नावाने ‘पत्ता अपुरा आहे, चोवीस तासांत लिंकवर माहिती भरा’ असे संदेशही फिरतात. तेही खोटेच. ४,७०० रुपये शोधता शोधता खाते रिकामे व्हायचे. असे काही झालेच तर एक मिनिटही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

आता नाण्याची दुसरी बाजू. आजवर आपण आपले पार्सल गेले म्हणून बोललो. दुसऱ्याचे पार्सल आपल्या घरी आले तर?

हसू नका. शेखांच्या गल्लीत हे रोज घडते. घरात फक्त दादी असतात, वाचता येत नाही, पोरगा ‘शेख ना?’ विचारतो, त्या हो म्हणतात. खोका कपाटात जातो. पुण्याच्या नातवाने काही पाठवले असेल, असे त्यांना वाटते. दादींचा यात काही गुन्हा नाही. पण संध्याकाळी वाचता येणाऱ्या कुणीतरी ते नाव वाचले, आपले नाही हे कळले, आणि तरी ‘बघू, मागायला आले तर देऊ’ म्हणून ठेवून घेतले, की त्या क्षणापासून गोष्ट बदलते. मुले तर म्हणतात, ‘कंपनी त्यांना दुसरं पाठवतेच, आपण ठेवलं तर काय बिघडलं?’ हे वाक्य आम्ही चांगल्या, नमाजी घरांतही ऐकले आहे.

रस्त्यावर सापडलेल्या वस्तूला, लुकताला, शरीयतने नियम घातले आहेत. मालकाचा पत्ता नसेल तर वर्षभर पुकारा करायला सांगितले आहे. इथे तर मालकाचे नाव, गल्ली आणि बहुधा फोन नंबरही खोक्यावर छापलेला आहे. पुकाराही नको, चार पावले चालायचे आहे. सूरह निसामध्ये अमानती ज्याच्या त्याला पोहोचवण्याचा हुकूम आहे, त्यात खोका लहान की मोठा असा भेद नाही. देशाचा कायदाही याच वाटेने जातो. न्याय संहितेच्या कलम ३१४प्रमाणे सापडलेली वस्तू मालकाला द्यायच्या हेतूने सांभाळणारा दोषी नाही, पण मालक कोण हे ठाऊक असून, किंवा ते सहज कळत असून, ती वस्तू स्वतःची करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

त्या प्रसंगानंतर आमच्या गल्लीत काही गोष्टी आपोआप ठरल्या. कुणी बैठक घेतली नाही. पत्त्यात आता आम्ही नावाबरोबर वडिलांचे नाव आणि दुकानाची खूण लिहितो, ‘मशिदीच्या मागे’ एवढ्यावर भागवत नाही. महाग वस्तू असेल तर ओटीपी दिल्याशिवाय मिळणार नाही असाच पर्याय निवडतो, आणि ओटीपी दारात उभ्या माणसाला, खोका हातात घेतल्यावर सांगतो, आधी फोनवर नाही. बाहेरगावी जायचे असेल तर तारीख पुढे ढकलतो. अगदीच अडले तर शेजाऱ्यांना आधी विचारून, त्यांनी हो म्हटल्यावरच त्यांचे नाव देतो. कारण एकदा त्यांच्याकडे ठेवले की ती त्यांच्यावरची जबाबदारी झाली, आणि न विचारता कुणाच्या डोक्यावर अमानत ठेवणे बरे नव्हे. नवा खोका उघडताना मुलगी मोबाईलवर व्हिडिओ घेते. आत दगड निघाला तर तोच पुरावा. पोस्टानेही आता थोड्या जास्त पैशांत ओटीपीवर स्पीड पोस्ट देण्याची सोय केली आहे, जरुरीची कागदपत्रे पाठवताना ती घेतलेली बरी.

अम्मींसाठी दुसरे मशीन ईदनंतर मागवले. त्या दिवशीही आम्ही कामावर होतो आणि घरी फक्त अम्मी. फोन आला तेव्हा त्यांना तो ऐकूच गेला नाही. पोरगा परत फिरणार, तेवढ्यात समोरचा मुलगा ओट्यावरून उठला, आमच्या घरात गेला, अम्मींचा हात धरून त्यांना दारापर्यंत घेऊन आला आणि मोबाईलवरचा ओटीपी त्यांच्याकडूनच वाचून घेतला. एकेक आकडा, मोठ्या आवाजात. खोका त्याने हातात घेतला नाही. "दादी, तुम्ही धरा," म्हणाला आणि आपल्या ओट्यावर जाऊन बसला.